बिनधन्याचं जनावर

पडद्यासाठी घेतलेल्या मांजरपाटाची गुंडाळी एवढी लांब झाली की टांग्यात मावेना. शेवटी मी टांगेवाल्याशेजारी बसलो आणि ती मांडीवर आडवी धरली. नाशिक रोडच्या वाटेवर माणसं ते प्रेत समजून आपोआप बाजूला होत होती. मागे बसलेली माझी बायको शालिनी म्हणाली, "कुणी हात जोडले तर तुम्ही उलटा नमस्कार करू नका. समोरचा घाबरेल."

मी पडदे रंगवतो. फोटो स्टुडिओत नवरानवरीच्या मागे जो राजवाड्याचा जिना किंवा कमळांचं तळं दिसतं, ते कुणीतरी रंगवलेलं असतं. नाशकात तो कुणीतरी बहुधा मीच असतो. माझ्या तळ्यातल्या हंसांची मान जरा जास्तच लांब येते, अशी तक्रार पहिल्यापासून आहे. त्याचं कारण मी कधी कुणाला सांगितलं नाही. लहानपणी रद्दीच्या दुकानात एका फाटक्या मासिकात मी माणसाच्या आधीच्या जगाचं चित्र पाहिलं होतं. दलदल, ताडाएवढी नेच्याची झाडं आणि त्यांतून वर आलेली एक लांबच लांब मान. तेव्हापासून ती मान माझ्या मनगटात बसली आहे. हंस काढायला घेतला तरी ती डोकं वर काढते.

दिवाळीला शालिनीचा धाकटा भाऊ दिगंबर ताडकळसहून आला, तेव्हा त्यानं दोन बातम्या आणल्या. गोदावरीच्या दरडीत राक्षसाचा दात सापडलाय, ही पहिली. दुसरी त्यानं खाली मान घालून सांगितली. तो जत्रांमधून फोटोचा तंबू लावतो. त्याचा जुना पडदा, ताजमहालाचा, उंदरांनी घुमटापासून खाल्ला होता. शेजारी दुसऱ्या एकानं लाकडी फळीची मोटार करून आणली होती आणि सगळी जत्रा त्या मोटारीत बसत होती. थोरल्या भावानं, म्हणजे दादारावांनी, बजावलं होतं की येती जत्रा रिकामी गेली तर कॅमेरा विकायचा आणि गुमान शेतात यायचं. दिगंबरला नांगर धरता येत नाही असं नाही. पण कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरताना त्याचा चेहरा जसा होतो, तसा शेतात होत नाही.

मी छाती काढून म्हणालो, "या वेळी त्या राक्षसाचाच असा पडदा करतो की मोटार गंजून जाईल."

"लाकडाची हाय, दाजी," दिगंबर म्हणाला.

मनमाडला आम्ही छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. डब्यात गुंडाळी आडवी ठेवली आणि तिचं लगेच बाक झालं. जालन्याला चढलेले वालूरचे दोन व्यापारी सेलूपर्यंत तिच्यावर बसून आले. माझ्या न जन्मलेल्या प्राण्यावर बसणारी ती पहिली माणसं. त्यांना मी तसं सांगितलंही. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि शालिनीला विचारलं, "पाव्हण्यांना बरं नाही का?"

या प्रवासात शालिनीची भाषा स्टेशनागणिक बदलत जाते. नाशकात ती 'आहे' म्हणते. जालना सुटलं की 'हाय' होतं. परभणीला उतरताना तिनं हमालाला "लय जड न्हाई, कापड हाय नुसतं" असं सुनावलं, आणि तिथून पुढं परका मी एकटाच उरलो.

परभणीच्या बसस्टँडवर कळलं की वाटेत रास्ता रोको आहे, गाडी कधी सुटेल सांगता येत नाही. समोरच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'नामांतर झालेच पाहिजे' लिहिलं होतं. पलीकडच्या भिंतीवर त्याच्या नेमकं उलट. अक्षरं हा माझा जोडधंदा, म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्हीकडच्या वेलांट्या एकाच हाताच्या होत्या. घ्यायला आलेल्या दिगंबरला मी हा शोध हसत हसत सांगितला. तो हसला नाही. दुपारी गाडी सुटली, ताडकळसला पोचलो आणि वस्तीच्या कडेनं घराकडं जाताना त्यानं एक घर दाखवलं. पत्रे नवे होते, पण भिंत वरपर्यंत काळी.

"आग लागली होती?" मी विचारलं.

"लागली न्हाई, दाजी. लावली होती. मास्तरांचं घर हाय ते."

नामांतराच्या दंगलीत त्या साली काय झालं ते सासुरवाडीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. वेलांट्यांचा माझा शोध मी पुन्हा कुणाला सांगितला नाही.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ लावून केलेली आमटी). नाशिकचे लोक तिखट खातात असा माझा समज होता. पहिल्याच घासाला डोळ्यांतून धार लागली. दादारावांनी खिशातली दस्ती (हातरुमाल) काढून पुढं केली आणि शांतपणे विचारलं, "पाव्हणे, पडद्याचं कसं? त्यानं काय होईल?" मला बोलता येत नव्हतं. त्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं घेतला.

दुसऱ्या दिवशी दात बघायला निघालो. दिगंबर, मी आणि मास्तर एका मोटारसायकलवर. मास्तर म्हणजे आनंदराव, दिगंबरचे शाळासोबती, आता गावच्याच शाळेत शिकवतात. काळी भिंत त्यांच्याच घराची. तो दात दातच आहे, धोंडा नव्हे, हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं होतं. काळ्या मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून खणखणीत झाल्या होत्या. एका चाकोरीत पुढचं चाक शिरलं आणि आम्ही तिघं तीन दिशांना गेलो. ते दोघे मातीत पडले, मी बाभळीच्या वाळल्या काट्यांवर बसलो. उठून पाहिलं तर मोटारसायकलला काही झालं नव्हतं. दिगंबरनं आधी तिचीच विचारपूस केली.

दात ज्यांच्याकडं होता त्या गयाबाईंच्या घरी, नदीकाठच्या गावात, आम्ही गेलो. चार एकराची शेती, दारात एक बैलजोडी. राक्षसाचा दात बघायला आलोय म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "थांबा, वला हाय. आताच अंघोळ झाली." मला वाटलं, पूजेतला असावा, म्हणून अंघोळ घालतात. त्या आत गेल्या आणि न्हाणीतून तो घेऊन आल्या. विटेपेक्षा मोठा, दगड झालेला, आणि वरच्या अंगाला नांगरलेल्या रानासारखे ओळीनं कंगोरे. त्या कंगोऱ्यांत साबणाचा फेस होता.

"आमच्या धन्याला दरडीत गवसला," त्या म्हणाल्या. "आधी कणगीच्या झाकणावर वजन ठिवला व्हता. मंग मी न्हाणीत घेतला. अशी वजरी बाजारात गावत न्हाई."

मास्तरांनी त्यांना सांगितलं की हा हत्तीच्या कुठल्यातरी खापरपणज्याचा दात आहे, माणसानं इथं पहिलं घर बांधलं त्याच्याही कितीतरी आधीचा. गयाबाईंनी ऐकून घेतलं.

"असंल की. भेगा नामी निघतेत."

मी तो दोन्ही हातांनी धरला. लहानपणापासून मी कागदावरची जनावरं बघत आलो होतो. हा दात खरोखर चावत होता. याच नदीच्या काठचं गवत त्यानं चघळलं होतं, त्या कंगोऱ्यांनी. मी भारावून जाऊन विचारलं की चारआठ दिवस नेऊ का. बाईंनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. "मंग मी पाय कशानं घासू? जत्रेला यायचंय मला." तेव्हा अंगणात मांडी घालून त्याचं चित्र काढायला बसलो, आणि बसताक्षणी उठलो. बाभळीचे काटे अजून जागेवरच होते. चित्र उभ्यानं काढलं.

परतताना नदीवर थांबलो. पात्र आटून डोह उरले होते. एका डोहातून म्हशी निघत होत्या. आधी नुसती पाठ, काळी, चकाकणारी, बेटासारखी. मग खांदे. मग ते सगळं ओझं चारी पायांवर उभं राहायचं आणि चिखल ओघळायचा. पलीकडच्या वाळूत करकोचा एक पाय दुमडून उभा होता. त्यानं मान सरळ केली तेव्हा माझ्या मनगटात कळ आली. दरडीवर ऊन खात पडलेल्या घोरपडीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. मला एवढंच पाहिजे होतं. इतकी वर्षं मी फाटक्या मासिकातलं जग नाशकाच्या खोलीत शोधत होतो, आणि ते इथं तुकड्यातुकड्यानं चरत होतं. कुणीतरी ते एकत्र उभं करायचं तेवढं बाकी होतं. ते काम मला येतं, याबद्दल त्या दिवशी मला काडीची शंका नव्हती.

रात्री शालिनीनं सुई घेऊन काटे काढले आणि प्रत्येक काट्याला माझ्या कलेबद्दल काहीतरी बोलली. पडदा उभ्यानं रंगवायचा असतो हे माझं भाग्य.

दिगंबरच्या खळ्यावर बांबू रोवून मांजरपाट ताणलं, खळ दिली, वर खडूचा हात दिला. सरस उकळायला ठेवला तेव्हा त्या वासानं दादारावांचे बैल दावं ओढायला लागले. म्हशीचं अंग, करकोच्याची मान, घोरपडीचे डोळे. कातडीला भेगाळलेल्या काळ्या रानाचा पोत. आणि मानेपासून शेपटीपर्यंत, पाठीच्या मधोमध, गयाबाईंच्या वजरीचे कंगोरे. असं जनावर कुठल्याही शास्त्रात नाही हे मलाही ठाऊक होतं. पण माझ्या कमळाच्या तळ्याला तरी कुठं भूगोल होता? चौथ्या की पाचव्या दिवशी मी डोळ्यांत शेवटचा पांढरा ठिपका ठेवला आणि मागे सरकलो. ते माझ्याकडं बघत होतं. इतक्या वर्षांत माझ्या हंसानं कधी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

जत्रा शेजारच्याच गावची, देवीची. पाळणे, बांगड्या, रेवड्या, बैलांचा बाजार, आणि एका अंगाला फोटोचे तंबू. पडदा लागला आणि गर्दी अशी लोटली की बांबू हलायला लागले. मी वेताची छडी घेऊन लोकांना जुन्या जगाची माहिती द्यायला लागलो. नेच्याची झाडं, दलदल, तेव्हाचं गरम वारं. लोक तोंडावर हात ठेवून ऐकत होते. माझा आवाज चढत गेला. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की तंबूपुढं माणसं मावत नाहीत आणि पडद्यापुढच्या खुर्चीवर मात्र कुणीच नाही. लोक बघत, चुकचुकत, आणि दोन पावलं मागं सरून शेजारच्या लाकडी मोटारीत जाऊन बसत.

दुपार उलटली. दिगंबर काळ्या कापडात डोकं घालून उभा होता. समोर गिऱ्हाईक नव्हतं, तरी तो बाहेर येत नव्हता, कारण बाहेर दादाराव उभे होते. कॅमेऱ्याच्या तिपाईकडं बघत होते, विकायच्या बैलाकडं बघावं तसं.

तेवढ्यात गयाबाई आल्या, नवऱ्याबरोबर. नवऱ्याच्या खांद्यावर बाजारातून घेतलेला नवाकोरा कासरा होता. बाईंनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि पाठीकडं बोट केलं.

"ही माझी वजरी हाय."

मी आनंदानं हो म्हणालो. त्यांनी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुणाचं हाय हे जनावर?"

"कुणाचंच नाही, बाई. तेव्हा माणूस जन्मालाच आला नव्हता."

"मंग याला पाणी कोण दावत व्हतं?"

"नदी होती ना."

"नदी समद्यांलाच असती. न्हेणारा कोण?"

त्यांचे मालक कासरा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाले, "वेसण न्हाई, म्होरकी न्हाई. असं बिनधन्याचं जनावर मारकं असतंय. त्याच्याकडं पाठ करून कोण बसंल?"

गर्दीतली चारपाच मुंडकी एकदम हलली. मोटारीत गेलेली सगळी माणसं त्या एका वाक्यात मला समजली. त्यांना माझं जनावर खोटं वाटलं नव्हतं. खरं वाटलं होतं, आणि म्हणूनच कुणी त्याच्याकडं पाठ करत नव्हतं.

शालिनी म्हणाली, "मग घाला की वेसण." मी उसळलो. माणसाच्या आधीचं जनावर, त्याला कुणी बांधलं नाही हेच तर त्याचं रूप, आणि मी त्याच्या नाकात दोरी घालू? इतिहास मोडू?

"हंसाची मान ताणली तेव्हा इतिहास कुठं होता?" ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत काळ्या कापडातून दिगंबरचा आवाज आला. तो बाहेर आला नव्हता. आतूनच, हळू, मला एकट्याला ऐकू जाईल एवढंच बोलला.

"घाला, दाजी. न्हाईतर उद्या मलाच घालतेत."

मी कुंचला उचलला.

एवढे मार्गदर्शक मला जन्मात लाभले नव्हते. वेसण कुठल्या अंगानं आत जाते, म्होरकीची गाठ कुठं येते, सगळं गर्दी सांगत होती, आणि एक चूक झाली की दहा जण हळहळत होते. गळ्यात घुंगरमाळ आली. पाठीवर झूल घालायला सांगत होते, पण वजरीचे कंगोरे झाकायला मी ठाम नकार दिला आणि गयाबाईंनी मला पाठिंबा दिला. कपाळावर कुंकवाचं बोट शालिनीनं स्वतः ओढलं, मला न विचारता. मग गयाबाईंच्या मालकांनी कासरा पुढं केला. पडद्यातल्या नाकपुडीशी मी बारीक छिद्र पाडलं, दोर आत घालून मागच्या बांबूला बांधला, आणि मोकळं टोक बाहेर सोडलं.

मालकांनी टोक हातात घेतलं. एकदा ओढून पाहिलं. पडदा हलला, आणि त्याबरोबर जनावरानं मान हलवली.

"व्हो," ते त्याला म्हणाले.

मग दोघं नवराबायको त्याच्याकडं पाठ करून बसली, निवांत, जणू घरचं जनावर मागे रवंथ करतंय. गयाबाईंनी पदर सारखा केला आणि पाय जरा पुढं घेतले. पायाला एक भेग नव्हती.

त्यानंतर दिवे लागेपर्यंत रांग तुटली नाही. माणसं कासरा हातात घेतला की आपोआप ताठ होत. बैलांच्या बाजारातून लोक फेटा बांधून आले. मोटारवाला स्वतः येऊन बघून गेला. दादाराव बराच वेळ लांब उभे होते. शेवटी त्यांनी धोतराचा सोगा झटकला, रांग मोडून पुढं आले आणि कासरा धरून उभे राहिले. दिगंबर कापडातून बोलला, "दादा, मान वर. हं, अजून." दादारावांनी धाकट्या भावाचं मुकाट ऐकून मान वर केली. मी तिकडं बघितलं नाही. काही गोष्टी घरच्या जावयानं बघू नयेत.

संध्याकाळच्या आत मास्तर आले, बायको आणि मुलगी घेऊन. कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री होती. मी कासऱ्याचं टोक त्यांच्या हातात द्यायला गेलो, तर त्यांनी ते हसून परत केलं.

"आमच्या फोटोपुरती दोरी सोडा, दाजी. माझी पोरगी त्याला भीत न्हाई."

मी कासरा सोडून घेतला. रांगेत थोडी कुजबुज झाली. पोरगी पडद्याला पाठ करून बसलीच नाही. ती वळली आणि तिनं त्या लांब मानेवर तळहात ठेवला. दिगंबरनं फोटो तसाच घेतला. माझ्या मते त्या जत्रेतला सर्वांत चांगला फोटो तो आहे, आणि त्यात जनावर जरासं खाली वाकल्यासारखं दिसतं. तसं मी ते रंगवलेलं नाही.

निघायच्या आधी मी जत्रेतली उत्तम दगडी वजरी विकत घेऊन गयाबाईंकडं गेलो. मनात होतं की अदलाबदल करावी. त्यांनी ती पायाला घासून पाहिली, बरी आहे म्हणाल्या, आणि सुनेला देऊन टाकली. दात न्हाणीतच राहिला. जाताना त्यांनी मला शेंगांची पिशवी दिली आणि जनावराला उन्हात ठेवू नका, रंग उडंल, असं बजावलं.

परतीच्या गाडीत गुंडाळी नव्हती. पाय पसरायला भरपूर जागा होती आणि मला ती आवडली नाही. दिगंबरनं आमचाही फोटो काढून दिला होता. मी बाकीच्यांसारखाच कासरा धरून उभा आहे, पण त्यांचा कासरा सैल होता, माझा ताणलेला. शालिनीनं फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "लोकांनी जनावर धरलंय," ती म्हणाली, अजून परभणीच्याच बोलीत. "तुमाला त्यानं चरायला काढलंय." मनमाड यायला अजून अवकाश होता, म्हणून मी ते मान्य करून टाकलं.

आता पुन्हा नाशिक, पुन्हा कमळांचं तळं. परवा एका स्टुडिओसाठी हंस काढला तर त्याची मान पहिल्यांदाच बेताची आली. मालकांनी पडदा बघून तोंड वाकडं केलं. म्हणाले, नेहमीचा हंस बरा होता, याची मान कुठं गेली?

मला माहीत होतं कुठं गेली ते. गोदावरीकाठच्या जत्रांतून ती हिंडतेय, कपाळाला कुंकू, नाकात वेसण, आणि तिला पाणी दावायला आता माणसं आहेत.